पूजेतला पाना

एका ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाचे आठ नट मी न आवळता सोडले, आणि त्याच ट्रकमध्ये मायला घेऊन बसलो.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘वाहनक्षेत्रातील प्रदीर्घ वाटचाल’ असा विषय दिला होता. वाटचाल कसली डोंबलाची? मी जन्मभर गाड्यांखाली उताणा पडून होतो. वाटचाल झाली ती वर बसलेल्यांची. तेव्हा मी सरळ या आठ नटांवरच येतो. दसरा जवळ आला की दर वर्षी मला वाटतं, हे एकदा कोणाला तरी सांगून टाकावं म्हणजे जीव निवांत होईल. दर वर्षी कोणाला तरी सांगतो. निवांत काही होत नाही.

सत्तरनंतरची गोष्ट. वाशीम जिल्हा व्हायचा होता. आम्ही अकोल्यात मोडायचो. मानोऱ्याला हमीदभाईंचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, त्याखाली चार टिनांचं छप्पर, आणि माणूस उभा राहून गाडीचं पोट पाहू शकेल असा एक खड्डा. त्या खड्ड्यात मी सात वर्षं काढली. नवी गाडी तेव्हा नंबर लावून वाट पाहायची चीज होती. आमच्याकडे यायच्या त्या मिलिटरीच्या लिलावातून सुटलेल्या, तीन मालकांनी वापरून चौथ्याच्या गळ्यात मारलेल्या. इंजिन एकीचं, गिअरपेटी दुसरीची, बॉडी कारंज्याच्या सुताराची. कारखान्यानं काय घडवलं होतं ते ओळखायला नंबरपाटीच उरलेली असायची.

आणि गिऱ्हाईकं! एक ठेकेदार जीप घेऊन आले. मी चालवून पाहिली, ब्रेक दाबला तर जीप कडुनिंबाला टेकून थांबली. म्हणालो, “मालक, ब्रेक खलास हाय.” ते म्हणाले, “ब्रेकचं पाहू मंग. आधी भोंगा मोठा बसव. भोंगा आयकून लोकच बाजूले होतेत.” मी भोंगा बसवून दिला. बसवायला नको होता. पण तेव्हा मी पंचविशीत होतो, हातात कला होती, आणि ज्याला जे पाहिजे ते करून देणं यालाच हुशारी समजत होतो. पुढे त्या भोंग्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायचा धीर नव्हता असं म्हणा.

आता नटाचं सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट समजेल. ट्रकचं चाक म्हणजे आठ बोल्टांवर टांगलेलं जड लोखंड. गाडी जॅकवर उचलायची, चाक चढवायचं, आठही नट हाताने फिरवून टेकवायचे. मग जॅक उतरवून गाडी जमिनीवर घ्यायची, लांब पाना लावायचा, त्याच्या दांडीत पाइप घालायचा आणि अंगाचा भार टाकून एकेक आवळायचा. एक इकडचा, की लगेच त्याच्या समोरचा. ओळीने आवळत गेलात तर चाक तिरपं बसतं. आमच्याकडे याला ‘कसणं’ म्हणतात. काम पाच मिनिटांचं. भानगड एवढीच, की हाताने टेकवलेला नट आणि कसलेला नट दिसायला अगदी सारखे असतात.

त्या दिवशी खंडेनवमी होती.

हमीदभाई पाच वेळा नमाज पढणारा माणूस. पण हत्यारांचा हा दिवस त्यांच्याइतका कडक अख्ख्या मानोऱ्यात कोणी पाळत नसेल. बापाच्या काळापासूनची रीत, म्हणायचे. सकाळपासून सगळे पाने, हातोडे, छिन्न्या रॉकेलमध्ये धुवायच्या, पुसायच्या, कशाला तडा गेला का ते उजेडात धरून पाहायचं. भर दुपारी सगळं नव्या पोत्यावर मांडायचं, झेंडूची माळ घालायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावायचा नाही. “सालभर आपन याईले ठोकतो,” ते म्हणायचे, “एक दिवस तं आराम देशीन का नाई?” हळदकुंकू मात्र ते स्वतः लावत नसत. ते काम माझ्याकडे.

माझ्या घरचा देव्हारा छप्पन सालीच उठलेला. बापाने स्वतःच्या हाताने देव नेऊन नदीत सोडले होते. म्हणजे पूजा मांडायला लावणारा मुसलमान आणि हळदकुंकू लावणारा बौद्ध, असा तो कारभार. मी हे घरी सांगत नव्हतो. घरी सांगायचो, “आज गॅरेज धुतलं.”

आणि नेमकं त्याच दिवशी दुपारी आमच्या इंझोरीच्या वस्तीतली साठेक माणसं नागपूरला निघायची होती. दुसऱ्या दिवशी दसरा, दीक्षाभूमीवर पोचायचं. गाडी ठरवली होती मीच. “गाडी मी स्वतः पाहून देतो,” असं चारचौघांत छातीवर हात मारून सांगितलं होतं. ड्रायव्हर रामधन, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा बंजारा, माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ पण हाताचा नेमका. सकाळी तो ट्रक घेऊन आला. पुढचं डावं चाक ब्रेक धरून बसत होतं. मी चाक काढलं, ब्रेकचे शू घासले, चाक चढवलं, नट हाताने टेकवले, जॅक उतरवला, पाना उचलला.

“सुदाम! पाना आन बे, मांडाची वेळ झाली!” हमीदभाई ओरडले.

मी पाना दिला. मनात म्हटलं, रामधनच्या गाडीतही पाना आहेच की, निघताना त्याच पान्याने कसून टाकू. इथवर मी नुसता आळशी होतो. मूर्ख यानंतर झालो. पूजा मांडली तर मधली जागा भकास दिसायला लागली. आमचा पाना वाकडा, गंजका. रामधनचा नवाकोरा, हातभर लांब. तो मी त्याच्या सीटखालून काढला, पुसून मध्ये ठेवला, कुंकू लावलं, माळ घातली. नवरदेव दिसत होता नुसता. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नागपूरसाठी शिवलेला पांढरा शर्ट-पँट चढवला, आणि भांग पाडून रामधनशेजारी जाऊन बसलो. हमीदभाईंनी गॅरेजला कुलूप घातलं.

इंझोरीपर्यंत गाडी रिकामी होती, आवाज झाला नाही. इंझोरीला माणसं चढली. मागचा फाळका लागला, निळे झेंडे बांधले, भाकरीची गाठोडी आत गेली. माय म्हातारी म्हणून तिला केबिनमध्ये रामधनशेजारी बसवलं, आणि डाव्या दाराशी मी. ती मिस्त्रीची जागा. मागून कोणी तरी विचारलं, “गाडी बराबर हाय ना रे?” तर वस्तीतली सखूआजी म्हणाली, “सुदामनं पाह्यली हाय. आता कायचं भेव?”

माझी छाती दोन इंच फुगली. गाडी कारंज्याच्या रस्त्याला लागली. आणि बरोबर माझ्या पायाखालून आवाज आला. टक. टक. टक.

तो आवाज मिस्त्रीला कोणी शिकवावा लागत नाही. डोळ्यांपुढे पोतं आलं, पोत्यावर माळ घातलेला पाना आला, आणि साबणाने धुतलेले माझे हात मांडीवर पडलेले दिसले.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गाडी थांबवून सांगितलं असतं. मी म्हणालो, “रामधन, जरा थांबव. लघवीले जातो.”

उतरलो. चाकाआड बसलो. तीन नट बोटाने फिरत होते. बोटानेच पिळले, नख उलटेपर्यंत पिळले, आणि येऊन बसलो. कपाळावरचा घाम पुसला. जरा वेळ शांत. पुन्हा टक. पुन्हा टक.

“मिस्त्री,” रामधन म्हणाला, “स्टेरिंग काहून थरथरून राह्यलं?”

“शू घासले ना. बसतीन हळूहळू.”

धडधडीत खोटं. त्या वाक्याची मला आजही झोपेतून उठवील अशी लाज वाटते. शू बसण्याचा आणि स्टेरिंग थरथरण्याचा काही संबंध नसतो. रामधनला तो माहीत नव्हता, म्हणून तर त्याने मिस्त्रीला विचारलं. त्याने विश्वास ठेवला आणि गाडी थोडी जोरात काढली.

मी मायकडे पाहत नव्हतो. आमच्या वस्तीत दुसऱ्याच्या वावरात न राबता हाताच्या कसबावर पोट भरणारा मी पहिला. पोरं मला ‘मिस्त्री’ म्हणत, म्हातारे ‘आपला सुदाम’ म्हणत. माय बाजाराला जाताना मुद्दाम गॅरेजवरून जायची, कोणी तरी विचारावं म्हणून, “ह्या कोन?” आणि हमीदभाईंनी म्हणावं, “आमच्या मिस्त्रीची माय.” ते सगळं त्या आठ नटांना टांगलेलं होतं, आणि मी एकेक मिनिट ढकलत होतो. इथून कारंजा किती? कारंज्याला एखादं गॅरेज उघडं असेल? कसं असेल? आज कारंज्यातही पाने पोत्यावरच!

“रामधन, थांबव जरा.”

“आता काय?”

“लघवीले.”

मागून हशा पिकला. सखूआजी फाळक्यावरून वाकून म्हणाली, “पोराले मुतखडा झाला गं बाई! ओवा हाय माह्याजवळ, देऊ का रे?”

मी चाकाशी वाकलो. नट सात होते. आठवा बोल्ट नागडा, त्यावर धूळ बसलेली. बाकीच्यांतले पाच ढिले. जुन्या गाडीचे आटे झिजलेले; बोटाने किती धरणार? तरी मी पिळले. बोटातून रक्त आलं. आणि ऐका, तरीही मी परत येऊन गपचूप बसलो. सखूआजीचा ओवा तोंडात टाकला आणि चावत राहिलो. एवढा मी हुशार.

पुढे उतार होता. खाली नाल्यावर फरशीपूल, बाजूला कठडा नाही. उतार सुरू झाला आणि चाक चांगलंच झोलायला लागलं. समोरून, खालून वर, एक बैलगाडी येत होती. तिच्यामागे तांड्यावरच्या चार-पाच बाया, डोक्यावर चाऱ्याचे भारे, एकीच्या कडेवर लेकरू. त्यांनी ट्रक पाहिला आणि रीतीप्रमाणे डाव्या बाजूला, त्यांच्या डाव्या बाजूला, सरकून उभ्या राहिल्या. ट्रक नीट जाईल असं त्यांनी धरलं होतं. रस्त्यावर दुसरं काय धरणार?

मी एकदा सुटलेलं चाक पाहिलं होतं. चाक सुटलं की ट्रक खाली बसतो, घासतो, कुठे तरी थांबतो. चाक थांबत नाही, आणि उतारावर ते कुठल्या बाजूला वळेल त्याचा नेम नसतो. मी पाहिलेलं ते शेतात शिरलं होतं आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, बांधलेल्या बैलाचा पाय मोडून गेलं होतं. ट्रकमधल्या कोणाला खरचटलंही नव्हतं. बैल मात्र उठला नाही.

“थांबव!” मी ओरडलो.

“बे, पुलापलीकडं थांबतो! उतारावर थोडी—”

“चाक सुटून राह्यलं! नट कसले नाई मी!”

रामधनने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गिअर उतरवला, ब्रेक तुडवला नाही, हळू हळू धरला, गाडी कडेच्या मातीत घातली. थांबली. त्याने उडी मारून दगड लावला, वाकून चाक पाहिलं. बैलगाडी आमच्या शेजारून वर गेली. त्या बायांपैकी एकीने विचारलं, “काय झालं भाऊ?” रामधन म्हणाला, “काई नाई झालं, बाई. जा तुमी.”

मग माझ्याकडे वळला. “पाना काढ सीटखालचा.”

“नाई हाय.”

“काहून नाई हाय? कुठी गेला?”

“पूजेत.”

“माहा पाना?”

“नवा होता. मधात चांगला दिसत होता.”

साठ माणसं खाली उतरून माझ्याभोवती उभी होती. कोणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं होतं. सखूआजी हातातली ओव्याची पुडी कनवटीला खोचत म्हणाली, “म्हंजे मुतखडा नोहय.” वस्तीतले एक म्हातारे, जे छप्पन सालीही नागपूरला गेले होते आणि त्यानंतर ज्यांचा एकही दसरा चुकला नव्हता, ते धुऱ्यावर जाऊन बसले आणि सूर्याकडे पाहत राहिले. सकाळी पोचू का, हे त्यांनी विचारलं नाही. पण मनात सगळे तेच विचारत होते, मला कळत होतं.

माय केबिनमधून उतरली. “कायच्या पूजेत?”

मी सांगितलं. सगळं. हळदकुंकवासकट.

“बापानं देव नदीत सोडले तुह्या,” ती म्हणाली, “अन् तू पान्याले कुंकू लावतं? अन् ज्याच्यावर एवढ्याईचा जीव, थे काम तसंच ठिवतं?”

पुलावरून एक दूधवाला सायकल घेऊन येत होता. सायकलसाठी मी त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडले. तो म्हणाला, “दूध नासन ना बाप्पा.” सखूआजीने त्याचे कॅन उतरवून ट्रकच्या सावलीत ठेवले आणि म्हणाली, “जा रे तू. दूध आमी पाहातो.” दूधवाला बिचारा दुधाकडे बघत राहिला, मी सायकल मारत सुटलो.

मानोरा किती दूर ते तोवर मला किलोमीटरमध्ये माहीत होतं, मांड्यांमध्ये त्या दिवशी कळलं. पांढऱ्या पँटचा पाय साखळीत गेला, फाटला. एसटी आली, मला रस्त्याबाहेर दाबून गेली. एरवी मी शिव्या घातल्या असत्या. आज मी कोणत्या तोंडाने घालणार? पुढच्या आयुष्यात मला एक खोड लागली ती तिथूनच. उभी गाडी दिसली की चाकाच्या नटांना हात लावून पाहायचं. बसस्टँडवर, लग्नात, मयतीतसुद्धा. बायको म्हणायची, “लोक तुमाले टायरचोर समजतीन.” एकदा समजलेही. तो वेगळा किस्सा आहे, पोलीस ठाण्यापर्यंत गेलेला.

हमीदभाई घरी जेवायला बसले होते. मी दारात उभा, फाटकी पँट. चाक, नट, पाना, नाला, साठ माणसं, असं काही तरी उलटसुलट बरळलो.

त्यांनी घास खाली ठेवला. “गाडी उभी हाय का पडली?”

“उभी हाय.”

“कोनी उभी केली? चाकानं का तू?”

“मी सांगतलं. मंग रामधननं केली.”

“चाल.”

हात धुतला, किल्ली घेतली. गॅरेजचं कुलूप उघडलं. आत धुपाचा वास होता, पोत्यावर सगळी हत्यारं झेंडूच्या माळांत निवांत पडलेली. सात वर्षांत मी त्या दिवशी त्यांना हात लागलेला पाहिला नव्हता. मी म्हणालो, “हमीदभाई, उद्यापर्यंत तं...”

“पाना कायसाठी रायते बे?” ते म्हणाले आणि रामधनचा पाना माळेसकट उचलून माझ्या हातात दिला. डब्यातून चाळून एक नट घेतला, फुंकून त्याचे आटे पाहिले, नाही पसंत पडला, दुसरा घेतला. सायकल तिथेच टाकली आणि त्यांच्या फटफटीवर आम्ही निघालो. मी मागे, मांडीवर पाना, माळेतली फुलं वाटेत उडत चाललेली. वाटेत ते म्हणाले: “मी बलावलं तवा तू हातातलं काम सांगाचं होतं. ‘थांबा, नट बाकी हाय’ म्हनाचं. मी काई जल्लाद होतो का?” जरा वेळाने पुन्हा, अर्धं स्वतःशी, “मीबी इचाराले पाह्यजे होतं.”

गाडीजवळ पोचलो तेव्हा दिवस कलला होता. लोकांनी नागपूरसाठी बांधलेल्या भाकरी तिथेच सोडल्या होत्या, दूधवाल्यालाही जेवू घातलं होतं. त्याच्या सायकलचं काय झालं ते सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला. हमीदभाईंनी त्याला परतताना मागे बसवायचं कबूल केलं.

हमीदभाईंनी आधी सगळी चाकं पाहिली. एकेका नटाला पाना लावून पाहिला. मग डाव्या चाकाशी आले, नवा नट बोल्टावर फिरवला, आणि पाना माझ्यापुढे धरला. “आता तू कस. सगळ्याईसमोर.”

मी कसले. एक इकडचा, एक समोरचा. पाइप नव्हता म्हणून पान्याच्या दांडीवर उभा राहून वजन टाकलं. आठही झाले, मग पुन्हा पहिल्यापासून आठ. पांढरा शर्ट काळा झाला. रामधनने स्वतः वाकून प्रत्येक नट हाताने ओढून पाहिला. बरोबर केलं त्याने. माझा त्या दिवशीचा शब्द त्या नटापेक्षाही ढिला होता. मग त्याने पाना पुसून सीटखाली ठेवला, माझ्याकडे न बघता.

लोक भराभर चढले. धुऱ्यावरचे म्हातारे फाळक्याला धरून चढताना म्हणाले, “पोचतो आता. फटफटायच्या आत पोचतो.” कोणी तरी झेंडा नीट बांधला. माझा जीव थोडा भांड्यात पडला. हात शर्टाला पुसले, हमीदभाईंना मान लववली आणि केबिनच्या डाव्या दाराशी, माझ्या त्या मिस्त्रीच्या जागेशी, पाय पायरीवर ठेवला.

मायने आतून हात आडवा धरला. माझ्या खांद्यावरून हमीदभाईंकडे पाहत म्हणाली,

“या भाऊ, तुमी बसा इथी. याची जागा खाली झाली.”